अंगणात बसतात

१

मी दवाखाने तपासते. म्हणजे रोगी नव्हे, रोग्यांची माहिती. रक्ताचा रिपोर्ट ज्याचा त्याच्याच फाइलला लागलाय का, वय सगळ्या कागदांवर एकच आहे का, एखाद्या पुरुषाच्या नावावर बाळंतपण चढलेलं नाही ना, असलं बघत दिवसभर बसायचं. हे शेवटचं गमतीने म्हणत नाही, एकदा खरंच सापडलं होतं. कोणी विचारलं की मी सांगते, डेटा ऑडिट. मग माणसं "अच्छा" म्हणून दुसरीकडे बघायला लागतात. आमच्या सासूबाईंनी तर भावकीत सांगून ठेवलंय की शुभांगी दवाखान्यात आहे. त्यामुळे लग्नाकार्यात कोणी ना कोणी मनगट पुढे करतं आणि म्हणतं, जरा नाडी बघ गं. मी बोट ठेवते, तोंड गंभीर करते आणि सांगते, सगळं ठीक आहे. नाडी नेमकी कुठे लागते हे मला आजही माहीत नाही.

या द्राक्षांच्या हंगामात नाशिकमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं काम आमच्याकडे आलं. बसायला तळघरातली खोली मिळाली. खिडकी नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि भिंतीपलीकडे लिफ्ट. ती खाली टेकली की धप्प आवाज यायचा आणि टेबलावरचा चहा हलायचा.

कामातला एक भाग फोनचा असतो. घरी सोडलेल्या रोग्यांना हॉस्पिटल काही दिवसांनी फोन करतं, कसं वाटतंय विचारतं, उत्तर लिहून ठेवतं. हे फोन खरंच झाले का ते कळावं म्हणून आम्ही त्यांतली काही नावं निवडतो आणि आपण स्वतः फोन लावतो. बोलणं झालं की नावापुढे शेरा लिहायचा. शेरा सेव्ह केला की घरच्यांच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जातो. मेसेज जातात की नाही हे समजायला यादीच्या तळाशी एक खोटा रोगी घालायची आमची जुनी पद्धत आहे. त्याला नंबर आपलाच द्यायचा. माझ्या यादीच्या तळाला होती 'शुभांगी टेस्ट'.

त्या दिवशी सकाळी मी प्रामाणिक होते. वायरलेस लँडलाइन घेऊन एकेक नंबर फिरवत होते. काहींनी उचलले, काहींनी नाही. दिंडोरीकडचा माणूस या दिवसांत बागेत असतो आणि त्याचा मोबाइल घरी चार्जिंगला. मग नवसाबाईंचं नाव आलं. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावच्या, फुप्फुसाच्या आजारासाठी राहून गेलेल्या. त्यांचा नंबर वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद झाला. मला आडगावला आत्तेनणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचं होतं. पर्समध्ये गजरा सुकत होता. खाली अजून बरीच नावं होती.

नवसाबाईंच्या पुढे मी लिहिलं, 'बोलणं झालं. तब्येत बरी आहे.' मग वाटलं, फारच कोरडं दिसतंय. खोटं लिहायचं तर त्यात थोडा जीव हवा. म्हणून पुढे जोडलं, 'अंगणात बसतात.' मला माझं कौतुकच वाटलं. त्या चौकटीचा कोपरा माउसने धरला आणि सरळ यादीच्या तळापर्यंत ओढला. एका झटक्यात सगळ्यांची तब्येत बरी झाली आणि सगळे अंगणात जाऊन बसले. शेरे कोणी वाचत नाही, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. वरचे लोक चौकट भरलेली आहे की रिकामी, एवढंच बघतात. मी सेव्ह केलं, तक्ता लॉक केला, गजरा माळला आणि निघाले.

आडगाव नाक्याच्या अलीकडे कुठल्याशा पिकअपमधून द्राक्षांचे क्रेट सांडले होते. गाड्यांनी त्यांचा पार लगदा केला होता. माझी स्कूटर त्यावरून घसरली आणि मी आडवी झाले. मागून ट्रक येत होता. त्याचे ब्रेक लागले, तो आवाज फार लांबला. मग बघते तर मी उभी होते, शालूला द्राक्षांचा चिकट रस लागलेला आणि भोवती माणसं. एक बाई म्हणाली, "ताई, बऱ्या आहात ना?" मला खरचटलंसुद्धा नव्हतं. ट्रकवाला मात्र पांढराफटक पडला होता. तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसून खाली वाकून वाकून बघत होता, काहीतरी हरवल्यासारखा. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. 'बोलणं झालं. तब्येत बरी आहे. अंगणात बसतात. धन्यवाद.' भररस्त्यात मला हसू फुटलं.

साखरपुड्यात पंगतीला बसले, पण घास उतरेना. धसका बसलाय पोरीला, असं सगळ्यांनी ठरवलं.

२

तळघरात रेंज नसल्यामुळे मी दुपारी हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात जाऊन बसायला लागले होते. तिथे जनरेटर होता, दोरीवर हिरव्या चादरी वाळत असायच्या आणि भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्या. ऊन असायचं, पण बरं वाटायचं.

एका दुपारी तिथेच फोन आला. साखरपुड्याला आठवडा होऊन गेला असेल.

"हॅलो, हॉस्पिटलातून फोन येऊन गेला व्हता. तिथं विचारलं तर तुमचा नंबर दिला. मी समाधान बोलतोय, नवसाबाईंचा मुलगा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी आवाज गोड केला. "हो हो, दादा. सहज विचारपूस करायची होती. आईंची तब्येत कशी आहे?"

पलीकडे वारा आणि लांबवर ट्रॅक्टर. मग तो म्हणाला, "तब्येत बरी आहे. अंगणात बसतात."

मी "छान, छान" म्हणाले आणि फोन ठेवला. आधी सुटल्यासारखं वाटलं. खोटं लिहिलं ते खरं निघालं, कोणाचं काही बिघडलं नाही. मग हळूहळू खटकायला लागलं. आत्ता 'व्हता' म्हणणारा माणूस एकदम पुस्तकासारखं कसा बोलला? आणि गावाकडचा मुलगा स्वतःच्या आईला अहो-जाहो करताना मी तरी ऐकला नव्हता. त्याच्या बोलण्यामागे आणखी एक आवाज होता. फरशीवरून प्लास्टिकची खुर्ची ओढतात तसा, थोडासाच.

३

मी योगेशला सांगितलं. योगेश आणि मी मिळून ही छोटी फर्म चालवतो. तो हिशेबी माणूस आहे, त्याला भुतंसुद्धा पावतीशिवाय चालणार नाहीत. अर्थात मी त्याला अर्धंच सांगितलं. फोन न करता शेरा लिहिला, हे गिळलं.

"अगं, त्यांना मेसेज गेलाय ना? लोक मेसेज वाचतात आणि तेच बोलतात. दवाखान्याचा माणूस म्हटलं की घाबरून शुद्ध बोलतात. माझे वडील बँकेत शिरले की असेच बोलायचे."

मला पटलं. पटवून घेतलं. पण खाई त्याला खवखवे. दुसऱ्या दिवशी मी अंगणात बसून ज्यांना फोन केलाच नव्हता त्यांतल्या काहींना फोन लावले.

नांदगावचा एक धडधाकट माणूस होता, हर्नियाचं ऑपरेशन झालेला. बायकोने उचलला. "तब्येत बरी आहे. अंगणात बसतात," ती म्हणाली, आणि मग आवाज फुटून, "म्हणजे काय मॅडम, दुकानाला जात नाहीत, काही नाही. नुसते बसतात हो. हे त्या भुलीच्या इंजेक्शनने होतं का?"

मी म्हणाले, डॉक्टरांना विचारते.

मग इंदिरानगरचे एक निवृत्त सर. सुनेने उचलला. तेच वाक्य, त्याच सुरात. आमच्या तक्त्यात पत्ता असतो. मी बघितलं, चौथा मजला.

"ताई, तुमच्याकडे अंगण कुठलं?" मी विचारलं.

"पार्किंगमध्ये," ती हळू आवाजात म्हणाली. "खुर्ची घेऊन खाली उतरतात. वर यायलाच तयार नाहीत. सोसायटीतले लोक विचारतात. आम्ही सांगतो, तब्येत बरी आहे."

फोन ठेवताना परत तोच आवाज आला, खुर्ची ओढल्याचा. दोरीवरच्या चादरी हलत होत्या. मला उठून आत जावंसं वाटेना.

तळघरात वैष्णवी माझी वाट बघत होती. ती हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात कामाला, पहिलीच नोकरी, सतत बडबड. तिने बटाटेवडे आणले होते. मी नको म्हणाले. "मॅडम, तुम्ही उपास धरलाय का कसला? कालचा डबा पण तसाच होता," ती म्हणाली. मी म्हणाले, पित्त झालंय. जीवन, माझा नवरा, रोज परत आलेला भरलेला डबा बघून हेच विचारत होता आणि मी हेच सांगत होते.

मी तिला नवसाबाईंची फाइल काढायला लावली. शेवटच्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं की नातेवाइकांना परिस्थितीची पूर्ण कल्पना दिली आहे, नातेवाईक रुग्णाला घरी नेत आहेत. हे कशाला म्हणतात ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आता इथे ठेवून उपयोग नाही, शेवटचं घरी होऊ द्या.

"या आजी?" वैष्णवी म्हणाली. "ऑक्सिजन लावूनच गाडीत घातलं होतं. मी सही घ्यायला गेले होते. फार दिवस काढणार नाहीत म्हणाले होते सर. बऱ्या आहेत? कमालच झाली."

मी कमालच म्हणाले. चमत्कार होतात, फाइली चुकतात, डॉक्टर चुकतात. माझं पोट त्याच चुकांवर चालतं. पण मनात एकच गोष्ट ठणकत होती. त्या घरात एक बाई जात होती आणि मी गजरा सुकतोय म्हणून लिहिलं होतं की ती बरी आहे. मला माझी लाज वाटली. बघून तरी यावं म्हणून सुट्टीच्या दिवशी मी स्कूटर काढली.

४

दिंडोरी रस्त्याला बागांमधून तोडणी चालू होती. बायका वेलींखाली वाकून घड कापत होत्या, बांधाला क्रेटच्या उतरंडी. गाव सापडलं, घरही सापडलं. सिमेंटचं साधं घर, पुढे पत्र्याची पडवी, पुढे फरशी घातलेलं अंगण. अंगणाच्या मधोमध चार बांबू रोवून वर हिरवी शेडनेट बांधली होती. तिच्या सावलीत दोन लाल खुर्च्या. एकीवर पाठमोरी कोणीतरी बसलेली, डोक्यावर पदर.

ओट्यावर एक म्हातारे बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी. मी म्हणाले, "हॉस्पिटलातून आलेय. नवसाबाईंना भेटायचं होतं."

"भेटा की," ते म्हणाले आणि हनुवटीने अंगण दाखवलं. "बसलीय." हे पुंजाबाबा, नवसाबाईंचे मालक.

आवाज ऐकून घरातून समाधान बाहेर आला. चाळिशीचा, अंगात बागेतले कपडे, दाढी वाढलेली. हॉस्पिटल म्हटल्यावर त्याने आधी माझे पाय धरले. मी मागे सरकले.

"मॅडम, तो मॅसेज तुम्हीच धाडला ना?"

"हो. म्हणजे तो आपोआप जातो."

"लय उपकार झाले," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "आम्ही तिला भुईवर घेतलं व्हतं, मॅडम. पाहुणे आले व्हते. तोंडात गंगाजळ घातलं, तुळशीचं पान ठिवलं. वडलांनी तिच्या कपाळाला हात लावला, म्हंले, गेली. बायांनी रडायला सुरुवात केली अन् माझा मोबाइल वाजला. मी वाचला, मोठ्यानं. का वाचला काय माहिती, डोकं ठिकाणावर नव्हतं. वाचून व्हतोय तोच ती उठली. कुणाकडं पाह्यलं नाय. भाईर आली, खुर्ची ओढली अन् बसली."

"आणि मग?"

"मग काय. बसलीय."

"आत येत नाहीत? झोपायला तरी?"

"नाय. आम्हीच मग वर नेट बांधली. ऊन लागायला नको."

मी अंगणाकडे बघितलं. पदर हलत नव्हता. माझं डोकं पटपट कारणं शोधत होतं. श्वास अगदी मंद चालतो कधी कधी, हाताला गार लागतं, माणूस गेलं असं वाटतं. ऐकलेलं आहे असं. वाचलेलं आहे.

"जेवतात का?" मी विचारलं.

समाधान माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. एखाद्या साहेबाला त्याच्याच ऑर्डरची आठवण करून द्यावी तसा तो म्हणाला, "जेवणाचं तुम्ही काही लिहिलं नव्हतं ना."

मी अंगणात गेले. त्यांच्या मागे उभी राहिले, मग धीर करून पुढे. नमस्कार केला. पदराच्या सावलीत चेहरा नीट दिसत नव्हता. ओठाच्या कोपऱ्यात तुळशीचं पान होतं. इतके दिवस झाले होते आणि पान हिरवंगार होतं, ओलं, आत्ता तोडल्यासारखं. त्यांच्या नाकाखालीच होतं, पण जरासुद्धा हलत नव्हतं. मी ते बघत राहिले, हलेल म्हणून.

मग त्यांनी डोळे वर केले. मला वाटलं होतं त्या डोळ्यांत काही नसेल. होतं. गावाच्या थांब्यावर आपल्याच गाडीला जाणारी बाई भेटली की ओळख नसली तरी बघतो ना, तसं त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हाताने खुर्ची थोडी बाजूला ओढली, फरशीवर तो आवाज झाला, आणि शेजारची रिकामी खुर्ची मला मोकळी करून दिली.

बसावंसं वाटलं. खरं सांगते, मनापासून वाटलं. मी तिथून जवळजवळ पळतच निघाले.

५

पुंजाबाबा काठी टेकत स्कूटरपर्यंत आले. समाधान लांब पडवीतच उभा होता.

"बाई, एक मागणं हाय," ते म्हणाले. "तिला जाऊ द्या."

मी स्कूटरची किल्ली फिरवायची थांबले.

"पोरगं नको म्हंतंय. त्याला आई दिसती, त्याचं भागलं. मला तिच्यात ती दिसत नाय. माझ्या आधी तिनं कधी घास नाय घेतला. अन् मी जेवताना समोर नाय असं झालं नाय. आता मी ओट्यावर ताट घेतो अन् ती तिथून पाहती. मला गिळत नाय, बाई." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "ती गेली व्हती. मी हात लावून पाह्यलं व्हतं. चांगली गेली व्हती, माणसांत, घरच्या भुईवर. तुम्ही तिला का बसवलं?"

आयुष्यात मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणू शकले असते की बाबा, मेसेजने कोणी उठत नाही. पण मी खरं तेवढं बोलले. "मी फोन केलाच नव्हता, बाबा. न बोलताच लिहिलं. चुकलं माझं."

"मग खोडा की."

"खोडते. उद्याच खोडते."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सासरच्या म्हाताऱ्यांसारखाच, खरखरीत. मग तो हात तसाच जरा थांबला. त्यांनी तो घाईने काढून घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि धोतराला पुसला.

"जा, बाई," ते म्हणाले. "उन्हाचं नका फिरू."

६

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच तळघरात जाऊन बसले. एकदा लॉक केलेल्या तक्त्यात एका ओळीची दुरुस्ती होत नाही. ही सोय मुद्दाम ठेवलेली नाही, नाहीतर प्रत्येक हॉस्पिटल मागाहून रंगरंगोटी करत बसेल. खोडायचं तर आख्खे शेरे रद्द करायचे, कारण लिहायचं आणि पहिल्यापासून सगळ्यांना फोन करायचे. कारणाच्या जागेत मी लिहिलं, 'फोन न करता शेरे भरले.' म्हणजे फर्म काळ्या यादीत, योगेशचा संसार उघड्यावर आणि माझं नाव नाशिकभर. चालेल, म्हटलं. त्या खरखरीत हाताला शब्द दिला होता. कितीतरी दिवसांनी मला स्वच्छ वाटत होतं.

रद्द करण्याआधी मी यादीवरून एकदा नजर फिरवली. सवय आहे, बटण दाबायच्या आधी काय काय जाणार ते बघायचं. नांदगावचा माणूस उठेल आणि दुकानाला जाईल. त्याची बायको सुटेल. इंदिरानगरचे सर एक तर वर घरी येतील, नाहीतर... ते त्यांचं त्यांचं. नवसाबाई जातील. समाधान रडेल आणि पुंजाबाबा जेवतील. मी खाली खाली येत गेले.

सगळ्यात तळाला होतं, शुभांगी टेस्ट. बोलणं झालं. तब्येत बरी आहे. अंगणात बसतात.

मी हसले. भररस्त्यात हसले होते तशीच. मग टेबलावरचा डबा दिसला. जीवनने सकाळी दिलेला, मेथीची भाजी. झाकणाला हात लावायचीही इच्छा नव्हती. कालही नव्हती. मी मागे मागे जात आठवायला लागले, शेवटचं कधी जेवले. वडे नको म्हटलं. पंगतीत घास उतरला नाही. त्याच्या आधी, साखरपुड्याच्या सकाळी, पोहे. पोहे खाल्ले होते. त्यानंतरचं काही आठवेना.

भूक नव्हती, एवढंच नाही. भुकेची आठवणही नव्हती.

पलीकडे लिफ्ट टेकली, धप्प. मला ट्रकचे ब्रेक ऐकू आले, तो लांबलेला आवाज. आणि ट्रकवाला दिसला, चाकाखाली वाकून वाकून बघणारा. त्याने काय बघितलं होतं, ज्याचा तो नंतर शोध घेत होता? मी तेव्हा विचारलं नव्हतं. मला उशीर होत होता.

मी शहाणी बाई आहे. स्वतःला समजावलं. मानसिक धक्का बसला की भूक मरते. हे अपराधी वाटणं आहे, पित्त आहे, या खोलीत हवा नाही. नांदगावचा तो माणूस जिवंतच होता ना? तोही नुसता बसतोय. मीही तशीच असेन. चांगली जिवंत, आणि फक्त बसून राहिलेली. आणि नसेन तर नवसाबाईंसारखी. दोन्हींतलं कोणतं, हे कळायला एकच मार्ग होता आणि माझं बोट त्याच्यावरच होतं.

मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. बोटं इकडे ठेवली, तिकडे ठेवली. काही लागलं नाही. पण मला तशीही कधी कोणाची नाडी सापडली नाही.

किती वेळ बसले माहीत नाही. दार वाजलं, वैष्णवी आत डोकावली. "मॅडम, साहेब विचारतायत, फायनल रिपोर्ट पाठवायचा का? तुमचं काही बदलायचं राहिलंय?"

कारणाच्या जागेतलं वाक्य पडद्यावर तसंच होतं. मी ते एकेक अक्षर करून पुसलं.

"नाही," मी म्हणाले. "पाठव."

७

हॉस्पिटलला वरची श्रेणी मिळाली. योगेशने पेढे वाटले. मी माझा पेढा रुमालात बांधला.

आता मी कामावर जात नाही. जीवन चिडला, मग घाबरला, मग गप्प झाला. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या केबिनशेजारी थोडी मोकळी जागा आहे, सकाळचं ऊन तिथे छान येतं. खुर्ची मी घरूनच आणली. परवा तळमजल्याच्या काकूंनी जीवनला जिन्यात अडवून विचारलं, "बायकोला काय झालंय रे?" मला इथे सगळं ऐकू येतं. लग्नापासून मला 'ए शुभे' म्हणणारा माणूस, तो म्हणाला, "तब्येत बरी आहे. अंगणात बसतात."

पुंजाबाबांचा फोन रोज दुपारी येतो. ते काही जास्त बोलत नाहीत.

"केलं का, बाई?"

"करते, बाबा."

"आज?"

"उद्या नक्की."

ते रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फोनमध्ये त्यांच्या पुढ्यातल्या ताटाचा आवाज येतो, भाकरी मोडल्याचा, आणि मग ती परत ठेवल्याचा. मला त्यांचं तोंड दिसतं. रिपोर्ट गेला तरी शेरे रद्द करता येतात. एका बटणाचं काम आहे, लॅपटॉप वर कपाटात आहे, जिना चढून जायचं आणि दाबायचं. त्या यादीतली सगळी माणसं कुठे कुठे बसलेली आहेत आणि ती माझ्यासाठी बसलेली आहेत. हे मला कळतं. न कळण्याइतकी मी भोळी नाही.

काल ते फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "ती शेजारची खुर्ची कुणाला उचलू देत नाय, बाई. कुणाची वाट पाहती काय जणू."

वरून जीवनने जेवायला हाक मारली. ऊन सरकलं होतं म्हणून मी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली आणि त्याला हातानेच सांगितलं, तू जेव.